स्विंडनच्या घरासाठी डिचोलीची एफडी मोडावी का?

प्रश्न: आम्ही दोघेही निवृत्त, डिचोलीला राहतो. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला आणि स्विंडनमध्ये त्याने जुन्या चाळवजा रांगेतले एक घर घेतले. आता तो कायमचा गोव्याला परततोय आणि ते घर भाड्याने देणार आहे. घराच्या ऊर्जा दाखल्यावर 'ई' दर्जा आहे. तो 'सी' करायला कंत्राटदाराने 14,000 पौंड सांगितले आहेत, पण मुलाकडे तेवढी शिल्लक नाही. आमच्या 40 लाखांच्या ठेवींतून आम्ही पैसे पाठवावेत का?

उत्तर: ताई, नको. निदान आत्ता तरी नको.

आपल्याकडे घर भाड्याने द्यायचे म्हटले की भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचा फॉर्म आठवतो. तिथे आधी घराचीच पडताळणी होते. घरात ऊर्जा किती वाया जाते हे सांगणाऱ्या, ईपीसी नावाच्या या दाखल्यात घराला 1 ते 100 गुण मिळतात आणि त्यावरून 'ए' ते 'जी' दर्जा ठरतो. दाखला दहा वर्षे चालतो. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराला किमान 'ई' लागतो. 2018 पासून नव्या करारांना आणि 2020 पासून चालू करारांनाही हा नियम आहे. म्हणजे मुलाचे घर आज कायद्याने भाड्याने देता येते. 2030 पर्यंत किमान दर्जा 'सी' करण्याचा तिथल्या सरकारचा इरादा आहे, आणि कंत्राटदार त्याचीच भीती घालतोय. पण गुण मोजायची पद्धतही बदलायची चर्चा चालू आहे. जुन्या मापाने आज घर 'सी' केले तर नव्या मापाने ते 'सी'च राहील याची हमी कोण देणार?

आधी मुलाकडून दाखल्यावरचा नेमका आकडा मागवा. 'ई' म्हणजे 39 ते 54, 'डी' 55 पासून आणि 'सी' 69 पासून. 53 गुणांचे घर आणि 40 गुणांचे घर दोन्ही 'ई'च, पण खर्चात जमीनअस्मानाचा फरक. शिवाय माळ्यावर किंवा भिंतीत आधीच इन्सुलेशन, म्हणजे घरातली ऊब आत ठेवणारे अस्तर, असेल आणि त्याचा पुरावा दाखवला नसेल, तर तपासनीस घराच्या वयावरून अंदाज धरतो आणि गुण घटतात. आधीच्या मालकाची बिले, फोटो शोधायला पैसे पडत नाहीत. स्विंडनच्या रेल्वे काळातल्या घरांच्या भिंती बहुधा एकसंध विटांच्या असतात, आत पोकळी नसते. त्या भिंतींना आवरण घालणे हीच सर्वांत महागडी बाब, आणि तुमच्या 14,000 पौंडांतला मोठा वाटा तिचाच असावा असे मला वाटते. ती सोडून माळ्याचे इन्सुलेशन, हीटिंगचे नियंत्रण, एलईडी दिवे एवढ्याचे वेगळे अंदाजपत्रक मागवा. यातले इन्सुलेशन आणि हीटिंगचे नियंत्रण कंत्राटदाराकडून बसवून घेतले तर त्यावर 31 मार्च 2027 पर्यंत तिथे व्हॅट शून्य आहे (एलईडी दिव्यांना ही सवलत नाही), तेव्हा ही छोटी कामे मात्र लांबवू नयेत.

आता तुमची बाजू. पौंड 120 रुपये धरला तर 16 लाख 80 हजार होतात, म्हणजे ठेवींचा चाळीस टक्क्यांहून मोठा हिस्सा. सात टक्क्यांनी त्यावर महिन्याला साधारण 9,800 रुपये व्याज येते. ते तुमच्या घरखर्चाला लागते की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला तोच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. शिवाय एकाच्या नावाने पाठवले तर वर्षाच्या 10 लाखांवरील रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा कर, घेईल, म्हणजे 1 लाख 36 हजार. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात, तोवर अडकतात. पाठवायचेच झाले तर दोघांनी निम्मे-निम्मे पाठवा, म्हणजे मर्यादेच्या आत राहाल.

आणि एवढे करून फायदा कोणाचा? गॅसचे बिल भाडेकरू भरतो, तेव्हा बचत त्याची. भाडे तेवढे वाढेलच असे नाही.

मुलाने खरा विचार विकण्याचा करावा. विकताना दाखला लागतो, पण किमान दर्जाची अट नाही, 'ई'चे घरही विकता येते. ते पहिल्यापासून त्याचेच राहते घर असेल, तर सोडल्यापासून नऊ महिन्यांत विकल्यास नफ्यावर तिथला भांडवली नफा कर लागत नाही. त्यानंतर भाड्याच्या काळाच्या प्रमाणात लागू लागतो. गोव्यात बसून स्विंडनचा गळका नळ सांभाळायचा तर एजंटचे कमिशन आले, आणि परदेशस्थ मालक म्हणून वेगळी मंजुरी घेतली नाही तर एजंट भाड्यातून 20 टक्के करही कापून घेतो. माझा कल विकण्याकडे आहे. घरावर कर्ज असेल, तर भाडे त्याच्या हप्त्यापेक्षा बरेच जास्त येत असेल तरच ठेवण्यात अर्थ.

ठेवायचेच ठरले तर गृहकर्ज देणाऱ्या बँकेची भाड्याने देण्यासाठी लेखी परवानगी त्याने आधी घ्यावी. राहत्या घराच्या कर्जावर ती लागते, आणि बँक व्याजदर वाढवूही शकते. ते उत्तर हातात येईपर्यंत कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.