तोर्तेल्लिनी की तोर्तेल्लोनी?

चि. ... हिला अनेक आशीर्वाद.

इटलीतल्या बोलोन्याचं तिकीट निघाल्याचं कळलं. पॅकिंग मशिनचं गावच ते, तेव्हा ड्रॉइंग्ज आणि सुट्या भागांची यादी तू चोख नेशीलच. त्यात मी नाक खुपसत नाही. मला काळजी आहे ती क्लायंट तुला रात्री एखाद्या जुन्या त्रात्तोरियात जेवायला नेतील त्याची.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शाकाहारी आहे हे सांगायचाच संकोच वाटला. यजमानांना त्रास कशाला, असं आपलं वळण. मेन्यूत तोर्तेल्लिनी हा भरलेला पास्ता दिसला. त्यात चीज भरलेलं असतं, असं कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं. गरम सुपात अंगठीएवढ्या इवल्या पुरचुंड्या आल्या. चार-पाच खाऊन झाल्यावर शेजारच्या इंजिनिअरने मोठ्या कौतुकाने सारण सांगितलं: डुकराचं मांस, प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला. सूपही मांसाचंच. मी चमचा खाली ठेवला आणि त्या भल्या माणसाचा चेहरा उतरला. “आधी का नाही सांगितलंत?” हे तो तीनदा म्हणाला. मला हवं होतं ते तोर्तेल्लोनी: आकाराने मोठं, आत रिकोत्ता, वर लोणी आणि सेजची पानं. एका स्वराने घात केला.

म्हणून निघण्याआधीच मेल टाक. मांस, मासे आणि त्यांचा रस्सा चालत नाही, असं स्पष्ट लिही. तरीही पारमिजानो चीज ताटात येणारच, आणि त्यात दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. चालवून घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी घेतो, पण हे आमच्या घरी बोलू नकोस. पुरीसारखी फुगलेली क्रेशेन्तीना दिसली की हात शिवशिवेल. जुन्या पद्धतीत ती डुकराच्या चरबीत तळतात, तेव्हा विचारून घे.

जेवण आठ-साडेआठला सुरू होतं आणि रेंगाळतं. आधी आन्तिपास्तो, मग प्रीमो म्हणजे पास्ता वगैरे, मग सेकोन्दो, तो बहुधा मांसाचा. सगळं मागवलंच पाहिजे असं नाही. सेकोन्दोच्या जागी भाजलेल्या भाज्या मागितल्यास तर कुणी नावं ठेवत नाही. फक्त सुरुवातीलाच पावावर ताव मारू नकोस.

‘स्पॅगेटी बोलोनीज’ हा शब्द मात्र तिथे तोंडातून काढू नकोस. त्यांचा रागू, म्हणजे मांसाचा सॉस, ताल्यातेल्ले या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यावर पडतो. त्या पट्टीची रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर असावी, अशी नोंद 1972 साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर करून ठेवलेली आहे! तू मापांतली माणूस. टॉलरन्स किती, एवढंच विचार. पुढचा अर्धा तास तुला बोलावं लागणार नाही.

किमतीचा विषय टेबलावर तू काढू नकोस. घर, गाव, फुटबॉल, पुण्यातला पाऊस, काहीही चालेल. कॉफीपर्यंत त्यांनी काढला तर बोल, नाहीतर सकाळी कारखान्यात बोल. वयाने मोठ्या इंजिनिअरला पहिल्या भेटीत नावाने हाक न मारता ‘इन्जेन्येरे’ म्हण. तिथे ती पदवी आपल्या ‘डॉक्टर’सारखी नावाआधी लावतात. आणि कॉफी म्हणजे एस्प्रेसो. जेवणावर कापुचिनो मागितलास तर देतील, पण पोट बिघडलंय की काय म्हणून काळजीने बघतील.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, आणि जो बोलावतो तो देतो. त्या रात्री पाकीट काढून ओढाताण करू नकोस. आपल्याकडची ती झटापट त्यांना कळत नाही. दुसऱ्या दिवशी तू बोलाव, आणि हात धुवायला उठल्यासारखं करून काउंटरवर कार्ड देऊन ये. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लावलेला दिसेल. ती फसवणूक नव्हे, टेबलावर बसण्याचं शुल्क आहे. मी त्यावरून एकदा वाद घातलाय, तो किस्सा आल्यावर सांगेन.

मेल आजच टाक, आणि मला कॉपीत ठेव.