जुन्या पीसीवर रोजचा फुल स्कॅन कशाला?

विंडोज १० चा जुना पीसी, त्यावर अँटिव्हायरसचा रोजचा फुल स्कॅन, आणि पीसी रांगतोय अशी तक्रार असेल, तर आधी टास्क मॅनेजर (पीसीच्या कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडो) उघडा. स्कॅन चालू असताना डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल, तर पीसी रांगतोय तो व्हायरसमुळे नाही, स्कॅनमुळे. फुल स्कॅन एकेक फाइल वाचून काढतो, आणि जुन्या हार्ड डिस्कला ते झेपत नाही. रॅम वाढवूनही फारसा फरक पडायचा नाही.

विंडोज १० मधला डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, फाइल उघडताना, डाउनलोड होताना जागच्या जागी तपासतोच. खरं संरक्षण ते. म्हणून रोजचा फुल स्कॅन खुशाल बंद करा. आठवड्यातून एक क्विक स्कॅन पुरे. मेमरी आणि विंडोजसोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, म्हणजे व्हायरस हमखास ठाण मांडतो त्या जागा तो बघतो. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारं विंडोजमधलं साधन) स्कॅनची वेळ अशी लावा की पीसी चालू असेल, पण तुम्ही जेवायला उठलेले असाल. रात्री तीनची वेळ लावून पीसी बंद करून झोपणारे बरेच भेटतात!

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह मात्र उघडण्याआधी राइट क्लिक करून स्कॅन करायचाच. बाहेरचे दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत, एकमेकांच्या पायात पाय घालतात.

खरी काळजी वेगळीच आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमधली भोकं कुठलाही स्कॅन बुजवत नाही. सपोर्ट संपल्यावरही मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलीय का, ते आधी बघा.