एफडी मोडून मिलिंग मशीन घ्यावं का?

प्रश्न: मी नाशिकमध्ये सातपूरच्या एका कंपनीत टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवतात तिथे) १९ वर्षं काम करतो. वय ४३. हातात ४६,००० येतात, पत्नीला शिवणकामातून सरासरी ९,००० मिळतात. मुलगी अकरावीला आहे. पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउस, हप्ता १४,५००, अजून नऊ वर्षं. हप्ता धरून घरखर्च ४०,५००. एफडी ४,२०,०००, मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा ५,००० ची आरडी आणि ३,००० ची एसआयपी. घराला लागून १० बाय १४ फुटांची पत्र्याची शेड रिकामी आहे. अंबडला एक गाळा बंद होतोय. तिथलं टरेट मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं) मालक २,१०,००० ला देतोय, पण रोख आणि १५ दिवसांत. गाळा चालवणारा एक मित्र तासाला २५० रुपयांनी काम द्यायला तयार आहे. मेहुण्याच्या निफाडच्या द्राक्षबागेतल्या ब्लोअरची (फवारणी यंत्राची) कामंही मी करून देतो. एफडी मोडू, सोनं गहाण ठेवू की पर्सनल लोन घेऊ? पत्नीचा विरोध नाही, पण ती गप्प आहे.

उत्तर: नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. वहिनी गप्प आहेत, कारण त्यांना २,१०,००० हा आकडा पुरा वाटत नसावा. त्यांचा अंदाज बरोबर आहे.

मशीन दारात येऊन धातूची पहिली चिप निघेपर्यंत काय काय लागेल ते आधी मांडू. अंबड ते पाथर्डी फाटा अंतर किरकोळ, पण टनभर वजन उचलायला दोन्ही टोकांना हायड्रा क्रेन लागतो. तुमच्या गल्लीत तो वळला नाही, तर पाइपांचे रोलर, पहारी आणि चार माणसं. त्याचे १४,००० धरा. शेडमध्ये जाड कोबा करून लेव्हल काढायला ९,०००. तुमच्याकडे सिंगल फेज मीटर आहे आणि मशीनची मोटर तीन एचपीची थ्री-फेज. सिंगल फेज घेऊन २३० व्होल्टचं थ्री-फेज देणारा ड्राइव्ह, अर्थिंग आणि वायरिंग मिळून ३०,०००. पण त्याआधी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून बघा. नेमप्लेटवर २३०/४१५ असेल आणि सहा टोकं बाहेर असतील तर डेल्टात (कमी व्होल्टच्या जोडणीत) जोडून काम होतं. तीनच टोकं असतील तर मोटर वाइंडरकडे न्यावी लागेल. जॉब आणि कटर पकडायचं सामान, म्हणजे व्हाइस, कोलेट चक, कोलेटचा सेट, क्लॅम्पिंग किट, आणि जॉब मोजून फिरवायचं डिव्हायडिंग हेड, जुनं-नवं मिळून ४२,०००. एंडमिल आणि कटर १६,०००. दुरुस्तीसाठी बाजूला २५,०००.

बेरीज ३,४६,०००.

ही सगळी रक्कम एफडीतून काढली तर ७४,००० उरतात. तुमच्या घराचे दोन महिनेही त्यात निघत नाहीत. ज्या घराला नऊ वर्षांचा हप्ता आहे आणि मुख्य पगार एकाच माणसाचा आहे, तिथे सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २,४३,०००, हात न लावता राहिलाच पाहिजे. यात मी कुणालाच सूट देत नाही. मग मशीनसाठी एफडीतले १,७७,००० मोकळे राहतात. आरडी मुलीची आहे, दीड-दोन वर्षांत तिच्या प्रवेशाला ती लागणार, तिचा विचारच करू नका.

आता कमाई. आठवड्यात पाच संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारी पाच तास, म्हणजे महिन्याला साठ तास तुम्ही शेडमध्ये असाल. पण हेड ट्रॅम करणं (टेबलाशी काटकोनात आणणं), जॉब बांधणं, डायल (बारीक माप दाखवणारं घड्याळ) लावणं, माल आणणं-पोचवणं याचे पैसे मिळत नाहीत. पैसे मिळणारे तास ३२ धरले तरी खूप झालं. २५० च्या भावाने ८,००० होतात. कटर, तेल, कूलंट, वीज यांत २,००० गेले की हातात ६,०००. या हिशेबाने ३,४६,००० वसूल व्हायला पावणेपाच वर्षं लागतात. मशीन उद्या विकलं तर दीड लाख येतील असं मानलं, तर खरी जोखीम १,९६,००० ची आणि मुदत ३३ महिन्यांची. त्यातही एफडीचं साडेसहा टक्क्यांनी दरमहा साधारण १,८७५ रुपये व्याज बुडतं, ते मी अजून वजा केलेलं नाही.

मित्राबद्दल एक स्पष्ट बोलतो. तो देणार आहे ते त्याच्या मशीनवरून उतू गेलेलं काम. कंपन्यांची शेड्यूल कमी झाली की सगळ्यात आधी हेच काम आटतं. त्याच्या शब्दावर मला शंका नाही, पण त्याच्याही हातात नसलेल्या गोष्टीवर तुम्ही एफडी लावताय.

तुमच्या पत्रात मला खरा धंदा दिसला तो ब्लोअरच्या एका ओळीत. ऑक्टोबरची छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागात फवारण्या सुरू होतात. पाऊस-धुकं पडून डाऊनी या बुरशीरोगाची भीती असताना ब्लोअर उभा राहिला, शाफ्टची कीवे (चावीची खाच) खाल्ली गेली किंवा कपलिंग तुटलं, तर बागाईतदाराला तो भाग त्याच रात्री हवा असतो. तिथे कुणी तासाचा भाव विचारत नाही, कामाचा विचारतो. १९ वर्षं टूलरूममध्ये घासलेल्या हाताला तिथे किंमत आहे. अशी महिन्याला आठ कामं १,५०० ने मिळाली तर १२,००० होतात, आणि तासही निम्मे लागतात. पण ती आठ कामं आहेत का, हे आज तुम्हाला माहीत नाही. मेहुण्याचं एक आहे.

आता या सौद्याबद्दल. इथे मला खरी काळजी वाटते.

२,१०,००० रोख घ्यायला कायद्याची मनाई आहे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दंड त्याला, पण तोटा तुम्हालाही आहे: धंद्यासाठी यंत्र घेताना एका दिवसात एका माणसाला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम आयकरात यंत्राच्या किमतीत धरत नाहीत, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी मिळणारी १५ टक्के वजावट, घसारा, बुडतो. दुसरं, गाळा बंद होतोय. बंद पडणाऱ्या युनिटचं मशीन बऱ्याचदा कॅश क्रेडिटपोटी (धंद्याच्या चालू कर्जापोटी) बँकेकडे तारण असतं. तारण असलेलं मशीन तुम्ही रोख देऊन, पावतीशिवाय आणलंत, तर बँकेचा माणूस उद्या तुमच्या शेडच्या दारात उभा राहील आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल. मालकाकडे कर्जाबद्दल विचारा आणि कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र मागा. तो पत्र देत नसेल तर मशीन कितीही चांगलं असलं तरी सोडा.

मशीन तपासायचं तुम्हाला मी सांगू नये. तरीही एक सांगतो, कारण डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांबरोबर मी असंच एक मशीन बघायला गेलो होतो. ते स्वतः फिटर. मशीनला ताजा हिरवा रंग, टेबल पुसून लख्ख. त्यांनी हँडल फिरवलं, पाव फेरा झाला तरी टेबल जागचं हललं नाही. चार मिलिमीटर पिचचा स्क्रू, म्हणजे एक मिलिमीटर मोकळीक. मी सुद्धा ते पाहिलं. त्यांनी हँडल सोडलं, टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नट बदलला की झालं." पुढे स्क्रू, नट आणि स्पिंडलची बेअरिंगं मिळून ४०,००० गेले. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना मशीन हवं होतं. म्हणून तुम्ही जाल तेव्हा ज्याला हे मशीन नकोय असा एक सहकारी बरोबर न्या, मशीन चालू करून स्टीलवर कट घ्यायला लावा आणि डायलचे आकडे त्याच्या हाताने वहीत लिहून घ्या.

विजेबद्दल थोडक्यात. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्यांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दर चालतो अशी तरतूद आहे. तुमच्या जोडलेल्या बिलांवर सरासरी १४० युनिट आहेत, मशीनचे सत्तर-ऐंशी वाढले तरी तुम्ही आत राहता. वर गेलात आणि तसंच चालवलंत, तर वीज कायद्याखाली अनधिकृत वापर धरून दुप्पट दराने आकारणी होते. मशीन आणण्याआधी तुमच्या उपविभाग कार्यालयात लेखी विचारून ठेवा. महापालिकेत घरपट्टी आणि वापराच्या परवानगीचंही विचारा. रो-हाउसची भिंत सामाईक आहे, शेजाऱ्यांशी आधी बोला. आणि तुमचं नियुक्तिपत्र काढून वाचा: बाहेरच्या कामाला मनाई आहे का, आणि मित्राचा गाळा तुमच्याच कंपनीला माल देतो का? देत असेल तर ते काम घेऊ नका, १९ वर्षांची नोकरी ६,००० साठी पणाला लावू नका.

पैशाच्या तीन वाटांपैकी पर्सनल लोन नाहीच. सोन्यावरचं कर्ज हातात पक्कं काम असेल तर एक वेळ चालेल, आज नाही. मुद्रा योजनेत किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज आहे, पण बँक कोटेशन आणि बिल मागते, रोखीच्या सौद्यावर ते मिळणार नाही.

माझं मत: हे मशीन या १५ दिवसांत घेऊ नका. पण मिलिंग मशीन घ्या, जानेवारीत.

तोवर काय करायचं ते सांगतो. आता जुलै आहे. मित्राचं मिलिंग रविवारी बंद असणार, तेच तासाच्या भाड्याने मागा. तो काम द्यायला तयार आहे, तर मशीनही देईल. निफाडला मेहुण्याबरोबर दोन रविवार फिरून ब्लोअर दुरुस्त करणारे आणि ट्रॅक्टरचे मेकॅनिक यांना भेटा, नंबर द्या. ऑक्टोबर ते डिसेंबर प्रत्येक काम वहीत लिहा: काय केलं, किती तास गेले, किती मिळाले, पैसे कधी आले. त्याच काळात उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात पैसे उशिराच येतात, पण मागायला आधार होतो.

तुमच्या दोघांच्या कमाईतून घरखर्च, आरडी आणि एसआयपी जाऊन दरमहा ६,५०० उरतात. सहा महिन्यांचे ३९,००० आणि दिवाळीच्या बोनसमधले ३०,००० धरले, तर डिसेंबरअखेर मोकळे पैसे २,४६,००० होतात. बजेट तेवढंच. मशीन दीड लाखापर्यंत, हायड्रा, कोबा आणि ड्राइव्हचे मिळून ५३,०००, व्हाइस, कोलेट आणि मोजके कटर २५,०००, दुरुस्तीला १८,०००. डिव्हायडिंग हेड मशीनच्या कमाईतून. आणि त्याच महिन्यात स्वतःचा अपघात विमा घ्या, तुमच्या बोटांवर हे घर चाललंय. घराचा विमा असेल तर शेडमधल्या धंद्याला तो लागू आहे का ते कंपनीला विचारा, बहुतेक नसतो.

वहीत तीन महिन्यांची सरासरी १२,००० च्या आसपास आली तर माझ्या परवानगीची गरजच नाही. ५,००० च्या खाली आली तर रविवारचं भाड्याचं मशीनच चालू ठेवा. मधे कुठे अडकली तर वहीची पानं मला पाठवा, आपण बसून बघू.

अंबडच्या मालकाला आजच निरोप द्या: बँकेचं पत्र, बिल आणि पैसे चेकने, किंमत दीड लाख, जानेवारीत. तोवर मशीन विकलं गेलं तर जाऊ दे. आणि हे पत्र वहिनींना वाचायला द्या, बेरजा त्यांनाच तपासू द्या.