साखर नाही, असं नाही

प्रश्न : मुलीने बारावीला तर्कशास्त्र घेतलंय. ‘पाऊस पडतोय’ आणि ‘पाऊस पडत नाही, असं नाही’ यांची सत्यता-कोष्टकं (विधान केव्हा खरं, केव्हा खोटं याचे तक्ते) तंतोतंत सारखी येतात. मग ही विधानं दोन की एकच? – एक पालक, चिपळूण

उत्तर : कोष्टकाला विचाराल तर फरक काहीच नाही. ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं मीही ‘एकच’ म्हणून पुढे सरकत आलो. शंका आली ती निवृत्तीनंतर, स्वयंपाकघरात. मला मधुमेह. कप हातात घेत बायकोला विचारलं, “साखर घातलीस का गं?” ती म्हणाली, “नाही, असं नाही.”

आता मध्ये ‘म्हणून’ घालून बघा. साखर आहे, म्हणून ‘साखर नाही, असं नाही’ हे खरं. उलटं केलं तर? साखर नाही असं नाही, म्हणून साखर आहे. मला कळलं ते याच वाटेने, पण पातेल्यात साखर पडली चमच्याने, नकाराने नव्हे. डोंगरावरच्या धुरावरून अग्नी कळतो. धूर त्याचा ज्ञापक, म्हणजे कळवणारा; कारक, म्हणजे घडवणारा नव्हे, तसंच हे. फक्त इथे कार्यकारणही नाही, कारण काळ मध्ये येतच नाही. एक सत्य दुसऱ्यावर टेकलेलं आहे, एवढंच. तत्त्वज्ञ-गणिती बोल्झानोने १८३७ मध्ये या संबंधावर लिहिलं. आज तत्त्वज्ञ किट फाइन वगैरे मंडळी त्यालाच ‘आधार’ म्हणतात.

स्वतःच्याच खांद्यावर कुणाला बसता येत नाही. म्हणजे टेकणारं आणि टेकू देणारं ही विधानं दोन. मग विधान म्हणजे ‘कुठल्या परिस्थितीत खरं’ याची नुसती यादी नव्हे; त्याला घडण आहे, आणि नकार हा त्या घडणीतला एक भाग.

बाकीचे भाग कोणते? १९०४ साली तर्कशास्त्रज्ञ रसेलने दुसरा तर्कशास्त्रज्ञ फ्रेग याला कळवलं, की माँ ब्लां हा पर्वत बर्फासकट विधानाचा घटक असतो. फ्रेगला ते मुळीच पटत नव्हतं; त्याच्या मते विधानात वस्तू नव्हे, शब्दाचा अर्थ येतो. चहापुरता मी रसेलकडचा : मी बोलत होतो त्या कपाबद्दल, ‘कप’ शब्दाच्या अर्थाबद्दल नव्हे!

पण घडण फार बारीक मानली की पंचाईत होते, हे रसेलनेच १९०३ मध्ये दाखवलं होतं. विधानांचा कुठलाही संच घ्या. ‘यातलं प्रत्येक विधान खरं आहे’ हे त्या संचाचं स्वतंत्र विधान. म्हणजे जितके संच, निदान तितकी विधानं. आणि गणिती कॅन्टर सांगतो, कुठल्याही वस्तूंपेक्षा त्यांचे संच नेहमी जास्तच भरतात. म्हणजे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. ही गाठ अजून सर्वांना पटेल अशी सुटलेली नाही.

मुलीला पेपरात ‘सममूल्य’ (म्हणजे एकत्रच खरी, एकत्रच खोटी) लिहायला सांगा. ‘एकच’ नको.