‘प्रोटोटाइप’ला ‘नमुना’ म्हणावं का?

प्रश्न असा आला : “माझदा ७८७बी या जपानी नमुना-गाडीचा स्पर्धात्मक इतिहास” हे मराठी बरोबर आहे का?

मला ‘नमुना’ इथे खटकतो. नमुना फारसीतून आला आणि आपल्याकडे पक्का रुजला. धान्याचा नमुना पोत्याची कल्पना देतो; सातबाऱ्यातले सात आणि बारा हे गाव नमुन्यांचेच क्रमांक. नमुना म्हटला की त्याबरहुकूम आणखी काही असतं किंवा व्हायचं असतं. ‘प्रोटोटाइप’चा ग्रीक अर्थही तोच, पहिला ठसा. कारखान्यातल्या प्रोटोटाइपला म्हणूनच ‘आद्य नमुना’ शोभतो.

शर्यतीच्या मैदानावर मात्र शब्दाने वाट बदलली. तिथे प्रोटोटाइप म्हणजे केवळ शर्यतीसाठी घडवलेली गाडी. तिच्यावरून पुढे विक्रीच्या गाड्या निघाव्यात अशी अपेक्षाच नसते. ७८७बी अगदी अशी. चार रोटरचं ‘रोटरी’ इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या रोटरांवर चालणारं, आणि नियमांतल्या सवलतीमुळे वजन ८३० किलो, जेव्हा जग्वार-मर्सिडीजना १,००० किलोंची अट होती. जून १९९१मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ५५ क्रमांकाची ही केशरी-हिरवी गाडी एकोणिसाव्या जागेवरून निघाली. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत बंद पडली आणि माझदा ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. ल माँ जिंकणारी ही पहिली जपानी गाडी. दुसरी, टोयोटाची, थेट २०१८मध्ये. चालक जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो. शेवटच्या टप्प्यानंतर हर्बर्ट इतका गळून गेला होता की त्याला विजयमंचावर उभं राहता आलं नाही. हे वाचताना अजून माझ्या पोटात तुटतं.

१९९२मध्ये ३.५ लिटर पिस्टन इंजिनांचा नियम आला आणि रोटरीचा रस्ता बंद झाला. या ठशावरून पुढे काही उमटलंच नाही, मग नमुना कशाचा? फार तर १९९०ची ७८७ ही ७८७बीचा नमुना म्हणता येईल. त्या वर्षी ल माँला तिच्या दोन्ही गाड्या अर्ध्यात थांबल्या होत्या.

‘स्पर्धात्मक इतिहास’ही बदला. ‘स्पर्धात्मक’ आपण दर किंवा परीक्षा यांना लावतो. खेळाडूची, घोड्याची असते तशी गाडीचीही कारकीर्दच म्हणावी. मी लिहीन : “माझदा ७८७बी या जपानी प्रोटोटाइप गाडीची शर्यतींतली कारकीर्द”. प्रोटोटाइप तसाच ठेवा, आणि पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे खास शर्यतीसाठी घडवलेली’ एवढं जोडा.