बँड सुटलेल्या ड्रमरसाठी

बँड सुटला म्हणून लगेच सिंथ (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) घ्यायला धावू नकोस. जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतकार क्लाउस शुल्झे आधी टँजरिन ड्रीम आणि आश रा टेम्पल या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. १९७२ ला त्याची पहिली सोलो रेकॉर्ड आली, त्यात सिंथ नव्हताच. मोडतोड केलेला ऑर्गन आणि उलटी फिरवलेली ऑर्केस्ट्राची टेप, बस्स!

स्नेअर ड्रमला ट्रिगर लाव, म्हणजे ठोक्याचा इलेक्ट्रॉनिक सिग्नल करणारा सेन्सर. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) डिले, म्हणजे आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट, ३७५ मिलिसेकंदांवर ठेव आणि साधाच ठेका धर. ठोक्याचा प्रतिध्वनी पाऊण बीटने येतो, दोन हातांचे चार होतात. सगळं सॉफ्टवेअरच्या ग्रिडला (काटेकोर तालरेषांना) मात्र चिकटवू नकोस, तुझी किंचित मागे रेंगाळणारी स्नेअरच तर ऐकायची असते. आणि हो, लाइव्हला लॅपटॉप बास ड्रमपासून लांब. माझा एकदा ऐन रंगात हादऱ्यांनी सरकत खाली आला होता.