नाशिकमध्ये आरसी रॉक क्रॉलरचा (खडकांवर चढणाऱ्या रिमोटवरच्या छोट्या गाडीचा) पुढचा अॅक्सल शाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा) घासून स्टिअरिंग जास्त वळवता येईल का?

येईल, पण आधी अडतंय कुठे ते बघा. चाकं पूर्ण वळवून शाफ्ट हाताने फिरवा. मोकळा फिरला तर अडथळा नकलचा (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याचा) किंवा सर्व्होच्या (स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटरच्या) सेटिंगचा; शाफ्टला हात लावू नका. कटकट लागली तर युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या, पिनेने जोडलेल्या सांध्याच्या) कपाची कड जराजरा घासा, पिनच्या भोकाजवळचा भाग सोडून. शाफ्ट बहुधा हार्डन केलेला असतो, कानस नुसती घसरते. ग्राइंडिंगचाच दगड लागतो. अंबडच्या टूलरूममध्ये रोज हेच बघतो: घासताना तापून धातू निळा पडला की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलंच, म्हणून दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. मात्र कोन वाढला की जॉइंट झटके देत फिरतो. पांडवलेणीच्या बेसाल्टवर चाक अडकलेलं असताना पूर्ण वळवून थ्रॉटल दाबलात, तर पहिली पिनच जाईल.